गिरणीमागचं छप्पर

लग्न होऊन मी कामशेतला आले ती थेट भाताच्या गिरणीमागच्या खोलीत. नवरा गिरणीवर इंजिन चालवायचा. खोलीवरचं आमचं गवती छप्पर गिरणीच्या वाशांना टेकलेलं होतं. माझं माहेर सुदुंबऱ्याचं. आग म्हणजे चुलीतली, एवढंच मला ठाऊक. इथे इंजिन सुरू करायचं तर आधी राकेलच्या दिव्याने त्याचं डोकं लाल होईस्तोवर तापवावं लागे. भोवती तुसाचे ढीग, हवेत कोंडा आणि तेल पिऊन काळी पडलेली जमीन. पहिल्या दिवसापासून माझा जीव काही थाऱ्यावर राहिला नाही.

भाकरी थापता थापता मी उठे, बाहेर जाऊन वास घेई, परत येई. तूस लांब टाकायला सांगा म्हणून नवऱ्याला मालकांकडे पाठवलं, तर ते हसले. मग मीच पाट्या भरून तूस ओढ्याकाठी नेऊ लागले. शेजारी बैलगाड्या हाकणारं मुसलमान कुटुंब होतं. त्यांच्यातल्या मावशी आधी मला भित्री म्हणायच्या, पुढे पुढे त्याही एखादी पाटी उचलू लागल्या. नवऱ्याचं लक्ष मात्र इंजिनात. इंजिन पुसायचं, पट्ट्याला तेल लावायचं, यातच त्याचा दिवस जायचा.

गिरणीपलीकडच्या रुळांवर अजून कोळशावर चालणाऱ्या आगगाड्या धावत होत्या तेव्हाची गोष्ट. एका चैत्रात, भर दुपारी, रुळांकडच्या वाळल्या गवताने पेट घेतला. कुणी म्हणे गाडीच्या इंजिनाची ठिणगी, कुणी म्हणे विडी. वारा आमच्याच बाजूला होता. बघता बघता आमच्या अंगणाच्या कडेची पेंढ्याची गंजी धडधडून पेटली.

माणसं धावली. इंजिन गार ठेवायच्या हौदातलं पाणी घागरींनी गंजीवर ओतायला लागली. पाणी पडायचं, वाफ व्हायची, आग तशीच. नवरा गिरणीत पळाला. ओली पोती इंजिनावर टाकून तो पट्टा उतरवायला लागला. मी दारात उभी राहून छपराकडे बघत होते. पेंढ्याचा जळता झुबका उडून त्यावर पडला की संपलं. छप्पर पेटलं म्हणजे गिरणी पेटली, आणि गिरणीपाठोपाठ मावशींची दावण आणि सगळी आळी.

मी गिरणीत गेले. म्हटलं, "अवं, पट्टा ऱ्हाऊ द्या. आपलं छप्पर पाडा आधी."

तो थांबला. "मग ऱ्हायचं कुटं?"

"ऱ्हाऊ कुटंबी. चला."

क्षणभर त्याने इंजिनाकडे पाहिलं आणि कोयता उचलला. त्याने बंद तोडले, मी आणि मावशींनी दोर बांधून वासे ओढले. गवत, धूळ, विंचू, सगळं अंगावर आलं. मावशींचे बैल दावं तोडायला बघत होते, तरी त्या हलल्या नाहीत. पडलेलं गवत पाटीपाटीने आम्ही मागच्या ओढ्यात लोटलं. थोड्या वेळात जळते झुबके उडत आले, पण पडायला खाली नुसती माती होती. लोकांनी ते पायांनी विझवले.

संध्याकाळी गंजीच्या जागी राख उरली होती. गिरणी उभी होती. पट्ट्याची एक बाजू धगीने करपली, तेवढंच. माझ्या चुलीवर मात्र उघडं आभाळ होतं.

मालक आले, गिरणीभोवती फिरले आणि पावसाच्या आत आम्हाला पत्रे घालून दिले. पत्र्याखाली दुपारी बसवत नसे. आळीतल्या बायका चिडवायच्या की आता तरी हिला झोप लागेल. नवरा मात्र संध्याकाळी इंजिन बंद केलं की मला हाक मारायचा, "ये, बघून घे एकदा." आम्ही दोघं दिवा, तेलाचे डबे, कोपरे बघत फिरायचो.

लोकांना वाटलं, माझी भीती गेली. ती नाही गेली. आजही जेवता जेवता मी उठते, चुलीतला निखारा पाण्याने विझवते, परत बसते आणि पुन्हा उठते.