काकूच्या फळीवरची पिल्लं

माझ्या काकूला लोकांनी आयुष्यात बरंच काही म्हटलं. हट्टी म्हणाले, तोंडाळ म्हणाले, माझ्या वडिलांनी तर चारचौघांत तिला हवालदार म्हणून हाक मारली आणि तीसुद्धा ओ देऊन मोकळी झाली. पण तिला अस्वच्छ म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. ते काम शेवटी तिच्या पोटच्या मुलीने केलं.

ताई तान्ह्या बाळाला घेऊन आली होती. तिची रजा दोनेक महिन्यांत संपणार होती आणि ती कामावर रुजू झाली की बाळ दिवसभर काकूकडे राहणार, असं केव्हाच ठरलं होतं. काकूने खिडकीजवळची जागा रिकामी केली होती, पाळणा आणला होता, तो तीनदा धुतला होता. ताईने चमचा घ्यायला खण उघडला आणि चमच्याच्या खोलगट भागातून एक काळपट, तिळापेक्षा थोडं मोठं काहीतरी तुरुतुरु पळालं.

"आई, झुरळ."

"झुरळ कसलं? किडा आहे बारीक."

ताईने खण पूर्ण ओढला. आणखी दोन पळाले. तिने बाळ उचललं, पिशवी उचलली आणि दारात जाऊन म्हणाली, "हे सगळं जाईपर्यंत मी बाळाला इथे आणणार नाही. नाहीच जमलं तर पाळणाघरात ठेवीन."

काकू काही बोलली नाही. काकू बोलत नाही तेव्हा घरातली माणसं आपापली ताटं स्वतः धुवायला लागतात. मी त्यांच्याकडेच राहते, माझं ऑफिस तिथून जवळ आहे, त्यामुळे मलाही ही रीत पाठ आहे.

काका घरीच बिघडलेली यंत्रं दुरुस्त करतात. मिक्सर, पंखे, इस्त्र्या, ओव्हन, लोकांच्या घरी जे जे जळतं, अडतं, गुरगुरतं ते सगळं आमच्या बंदिस्त गॅलरीत येतं. त्यांचा एक नेम आहे. दुरुस्त केलेली वस्तू ते लगेच परत देत नाहीत. स्वयंपाकघरात एक फळी आहे, तिला ट्रायलची फळी म्हणतात. त्यावर ती वस्तू काही दिवस राहते आणि रोज चालवली जाते. गिऱ्हाइकांना वाटतं, केवढा चोख माणूस! चोख आहेतच. पण खरं कारण असं की काकांचे कान गेलेत. मोटरचा आवाज नीट आहे की आत काही घासतंय, हे त्यांना आता ऐकू येत नाही. ते काकूला येतं. ती कांदा चिरता चिरता म्हणते, "अहो, ह्याचं बेअरिंग रडतंय," आणि काका मुकाट्याने तो मिक्सर परत गॅलरीत नेतात. कानांचा विषय मात्र या घरात कुणी काढत नाही.

तर, काकांनी तो किडा डोळ्याला भिंग लावून पाहिला आणि निकाल दिला.

"झुरळाला पंख असतात. याला कुठे आहेत? झुरळ तपकिरी असतं. हा काळपट, वर पाठीवर फिकट पट्टा. ही वेगळीच जात आहे. बाहेरून आली असेल, जाईल आपली आपण."

काकूने विश्वास ठेवला. मला तिचा राग आला, पण तिचं समजतही होतं. घरात झुरळं असणं ही लाज, आणि भुंग्यासारखं काही आत येणं ही हवेची चूक. तिला हवेची चूक हवी होती. तरी तिने खबरदारी म्हणून फवाऱ्याचा अख्खा डबा स्वयंपाकघरात रिकामा केला. आम्ही सगळे खोकत बाहेर बसलो. किडे शहाणे, ते आतल्या खोल्यांत गेले. एक भिंतीवरच्या घड्याळात शिरला, एक माझ्या पर्समधून ऑफिसला आला. तिथे मी तो माझा नसल्याचं सांगितलं.

मग एके सकाळी काकूला ओट्यामागे एक पांढरा सापडला. अगदी दुधासारखा, डोळे तेवढे काळे.

"ही तिसरी जात," काका म्हणाले. "किडेच घर बदलतायत, आपण काय करणार?"

काकूने त्याला बरणीत घातलं, तोंडाला कागद बांधला आणि बरणी खिडकीत ठेवली. दुपारी जेवायला बसताना तिने सहज बरणीकडे पाहिलं. आतला पांढरा नव्हता. आत एक काळपट होता, पाठीवर फिकट पट्ट्याचा. काकूने कागद तपासला, जशाचा तसा. बरणी उलटीसुलटी करून पाहिली. मग तिने काकांच्या पानाजवळ ती बरणी आदळली.

"अहो, तुमच्या तिसऱ्या जातीची दुसरी झाली."

काका भिंग लावून बराच वेळ बघत बसले. त्यांचं जेवण निवलं.

"कात टाकलेली असणार," काकू म्हणाली. "कातडं नवं असतं तेव्हा पांढरं, मग काळं पडतं. म्हणजे हे वाढतंय. अजून पंख नाहीत कारण अजून लहान आहे. पिल्लं आहेत ही. झुरळांचीच. आणि पिल्लं इतकी बिनधास्त फिरतायत म्हणजे त्यांचे आईबाप याच घरात कुठेतरी गरम जागी पाय पसरून बसलेत."

एवढं बोलून तिने डोळ्यांना पदर लावला. मी तिला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. "पाळणाघरात जाईल माझं बाळ," ती म्हणाली, "तिथली बाई काय त्याला मांडीवर घेऊन बसणार आहे?"

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मला फवारा द्यायला साफ नकार दिला. "फवाऱ्याने थोडी मरतात, जास्त पळतात. आधी घर शोधा त्यांचं," म्हणाला, आणि त्याने चिकट पुठ्ठे दिले, शिवाय सुईसारख्या टोकाच्या नळीतलं विषारी आमिष. हे आमिष खाऊन झुरळ आपल्या बिळात जाऊन मरतं आणि त्याच्यामुळे बाकीचीही मरतात. फक्त त्यावर फवारा मारायचा नाही, नाहीतर ती खायलाच येत नाहीत.

काकूने पुठ्ठे ठेवले. सिंकखाली, फ्रिजमागे, धान्याच्या कपाटात. सिंकवर तिचा दाट संशय होता, तिथे तिने दोन ठेवले. एक पुठ्ठा उरला म्हणून ट्रायलच्या फळीवर टाकला. दुसऱ्या दिवशी सिंकखालचे पुठ्ठे कोरे. फ्रिजमागे एक-दोन. आणि फळीवरच्या पुठ्ठ्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. लहान, मोठी, पंखांची, बिनपंखांची, अख्खं खानदान.

काकूने तो पुठ्ठा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सकाळ तशीच जाऊ दिली. मी म्हटलं, "काकांना सांग ना." ती म्हणाली, "सांगते गं. जरा चहा तर होऊ दे त्यांचा." तिला बाळ हवं होतं आणि काकांना दुखवायचंही नव्हतं. दोन्ही एकदम जमणार नाही हे तिला कळून चुकलं होतं.

चहा झाल्यावर तिने सांगितलं. मोठ्या आवाजात, म्हणजे नेहमीसारखंच.

"माझ्या मशीनमधून?" काका उठले. "मी प्रत्येक वस्तू पुसून ठेवतो."

"बाहेरून पुसता."

फळीवर कुणाचा तरी ओव्हन होता. काकांनी तो गॅलरीत नेला, मागचं झाकण उघडलं आणि तसंच परत लावलं. आत जिथे ऊब राहते तिथे सगळा संसार होता, अंड्यांच्या पेट्यांसकट. इतकी वर्षं लोकांच्या घरची झुरळं दुरुस्तीला येत होती, आमच्या फळीवर ऊब खात होती आणि आवडलं की राहत होती.

काका स्टुलावर बसले. "मग ट्रायल बंद," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे कामच बंद. न ऐकता मी कुणाला काय परत देऊ?"

कान हा शब्द त्यांनी तेव्हाही उच्चारला नाही, पण तो सगळ्यांना ऐकू आला.

"फळी बंद," काकू म्हणाली. "ट्रायल कशाला बंद? मशीन माझ्याकडे यायचं नाही. मी इकडे येईन."

आणि ती आली. भाजी, पाट, सुरी घेऊन गॅलरीत बसायला लागली. स्वयंपाकघरात बिजागऱ्यांमागे, खणांच्या खाचांत, गॅसच्या शेगडीमागे तिने मोहरीएवढे आमिषाचे ठिपके दिले. सांडलेलं लगेच पुसायचं, खरकटी भांडी ठेवायची नाहीत, गळका नळ आजच्या आज. नवीन आलेली वस्तू आधी गॅलरीत उघडायची, आतून ब्रशने साफ करायची, मग हात लावायचा. काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकांना झाकण उघडून आतलं दाखवायला सुरुवात केली, आणि आपल्याच वस्तूतली झुरळं बघून दोघी-तिघींनी लाजेने आमच्याकडे येणंच सोडलं. काका म्हणाले, "जाऊ देत." पुठ्ठे हळूहळू रिकामे होत गेले. आधी मोठी दिसेनाशी झाली, मग पिल्लं, मग अगदी एखादं चुकार. त्यानंतर कितीतरी दिवस काहीच नाही. तेव्हा काकूने ताईला फोन केला.

ताई तपासणीला एकटीच आली. रजेचे अगदी शेवटचे दिवस होते. बाळाचं दूध गरम करायचं यंत्र बंद पडलं होतं, ते तिने आल्या आल्या काकांच्या हातात दिलं आणि मोबाइलचा दिवा लावून स्वयंपाकघरात शिरली. खण, बिजागऱ्या, फ्रिजचं रबर. मी मागून चालले होते. तिने काही म्हणजे काही सोडलं नाही. शेवटी ती गॅलरीत येऊन म्हणाली, "आई, एकही नाही गं!"

काकू आणि काका दोघंही खाली बघत होते. काकांनी यंत्राचं बूड उघडलं होतं. त्यातून काळपट, फिकट पट्ट्याची पिल्लं निघून पाटावर पसरत होती.

ताईला ओळखायला वेळ लागला नाही. ती काकूशेजारी खाली बसली.

"बाळाच्या दुधाजवळ," ती म्हणाली. "रोज. आणि मी तुला काय काय बोलले." मग तिला रडू आवरेना. "मला नाही जमत आई. झोप नाही, घर बघवत नाही. तुझ्यासारखं घर मला नाही ठेवता येत."

काकूला आता बोलायची संधी होती. तिचं तोंड मला माहीत आहे, आणि मला वाटलं, आता बघा.

"माझ्यासारखंच तर ठेवलंयस," काकू म्हणाली. "माझ्याकडेही हीच होती. तुझं बोलणं मला फार लागलं, ते खोटं नाही. पण लागलं म्हणून मी पुठ्ठे लावले. आता मी येते तुझ्याकडे, आपण दोघी लावू. ऊठ. आणि उद्यापासून बाळ इथे."

ताई उठली नाही. तिने काकूच्या मांडीवर डोकं टेकलं. काकू एका हाताने तिला थोपटू लागली आणि दुसऱ्या हातातल्या चपलेने पाटावरची पिल्लं एकेक करून मारत राहिली.