हाय तसं वाच, अक्का

माझ्या गोष्टी वाचलेल्या बायका विचारतात, तुमच्या गोष्टींतल्या बायका सगळ्या इतक्या संशयी का हो? मी हसून वेळ मारून नेते. आज सांगून टाकते.

मी शाळा चौथीपर्यंतच शिकले. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. नवरा लवकर गेला, मुलगा नोकरीला पुण्यात, आणि कोल्हापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि वाचनालयातून आणलेले दिवाळी अंक एवढेच उरलो. नव्वदनंतरची ती वर्षं. समोर एक हुपरीची लेक राहायची, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. माहेराहून चांदीच्या पैंजणांच्या कड्या आणायची, घरी बसून जोडायची. तिचा नवरा ते पैंजण विकायला लांब परमुलखात जायचा, दीड-दोन महिने तिकडंच. तेवढे दिवस ती दुपारी जेवणं उरकली की कड्यांचं ताट घेऊन माझ्याकडं. तिला अडखळत का होईना वाचता यायचं, पण हात गुंतलेले. मी वाचायची, ती जोडायची.

"अक्का, जरा दमानं की," म्हणायची. "तिकडं तिनं दार उघडलं आणि हिकडं माझी कडी निसटली."

नवरा आला की मात्र यायची नाही. कशाला येईल? आठ-दहा दिवस समोरून मटणाचा वास यायचा, हसणं ऐकू यायचं, आणि मी अंक उघडा ठेवून दाराकडं बघत बसायची. एकटीनं वाचलेली गोष्ट गोडच लागायची नाही. तो बिचारा येताना माझ्यासाठीही काहीबाही खाऊ आणायचा, पाया पडायचा. तरी त्याची बॅग रिक्षातून उतरताना दिसली की मी दारातून आत वळायची.

एका दिवाळी अंकात गोष्ट होती. नवरा फिरतीवर, बाई घरात एकटी. त्याचं पत्र यायला उशीर होतो आणि तिच्या मनात नको नको ते यायला लागतं. त्याच्या जुन्या शर्टांचा वास घेते, खिसे उलटे करते. शेवटी नवरा येतो. वाटेत आजारी पडला होता, एवढंच. ती आपल्याच मनाला लाजते.

मी शेवटच्या पानावर आले आणि बघितलं, ही हातातली कडी तशीच धरून बसलेली. चार दिवसांनी तिचा नवरा यायचा होता. मी नजर पानावरच ठेवली, पण वाचलं ते माझ्या मनातलं. गोष्टीतल्या त्या माणसाचं तिकडं दुसरं घर होतं, पोरंबाळं होती, आणि तो परत आलाच नाही.

तिनं हातातली कडी ताटात ठेवली. मग म्हणाली, "असं असतंय व्हय, अक्का?"

"असतंय की," मी म्हणाले. "बाप्यांचं काय सांगावं."

नवरा आला. या खेपेला समोरून हसणं नाही, तिचा चढलेला आवाज ऐकू आला.

"दोन-दोन महिने कोण जेवाय घालतंय तुला?"

"खानावळवाला. आणि कोण? खुळी झालीस काय?"

आठवड्यात ती पिशवी भरून माहेरी निघून गेली. जाताना तो अंक मागून नेला. मी दिलाही. मला दुपारची सोबत हवी होती आणि ती सोबतच हुपरीला जाऊन बसली. पंधरा दिवसांनी तिचा नवरा माझ्या दारात आला. दाढी वाढलेली.

"अक्का, तुमच्याजवळ काय बोलली का ओ ती? दोनदा आणाय गेलतो, बाहेरच येईना. आधीच लई दिवस ऱ्हायलो, परवा निघाय पायजे मला. घराला कुलूप घालून जातो आता."

त्याला 'काही नाही बोलली' म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुपरीची एसटी धरली.

ती घराच्या पुढच्या सोप्यात कड्या जोडत बसली होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "वाचली मी ती गोष्ट. एकेक ओळ लावत. काल संपली."

मी उंबऱ्यावरच टेकले.

"नवरा सोडून गेल्यावर त्या बाईनं दिवस कसं काढलं, ते बघावं म्हणलं. जेवली काय, झोपली काय. तर तिचा नवरा आलेलाच की ग, अक्का."

"तो आला की तू यायची नाहीस. दुपार सरत नव्हती माझी," मी म्हणाले. "चुकलं."

"मग तसं सांगायचं की. त्याच्या ताटाशेजारी तुझंबी ताट मांडलं असतं. माझ्या संसारात कशाला घातलास तुझा शेवट?"

तो उद्या निघतोय, एवढं मी सांगितलं. तेव्हा तिनं काम आवरलं. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली, आमच्या दोघींच्या मध्ये तिची पिशवी. माझं नाव तिनं नवऱ्याला कधीच सांगितलं नाही. तो पुढंही येताना खाऊ आणत राहिला आणि मी तो गल्लीतल्या पोरांना वाटून टाकायची.

पुढं मी स्वतः गोष्टी लिहायला लागले. माणूस प्रेमापोटी जळतो असं लिहायला सोपं जातं. मी जळले ती रिकाम्या दुपारींपायी, आणि गोष्टींत प्रेमाचं नाव पुढं केलं.

हुपरीहून परतल्यावर तीन-चार महिन्यांनी ती पुन्हा ताट घेऊन आली. पूर्वी भिंतीला टेकून बसायची, आता माझ्या खांद्याला खांदा लावून बसली. मला बरं वाटलं. मी अंक उघडला.

"हाय तसं वाच, अक्का," ती म्हणाली.

मी ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. ताटातल्या कड्या तशाच पडून होत्या. ती माझ्या बोटाकडं बघत होती.