भीतीच्या खेळात सापडलेलं बोलणं

माझे बाबा एस.टी.त कंडक्टर होते. बहुतेक नोकरी गंगापूर-वैजापूरच्या गाड्यांवर गेली. घरी आले की ते फारसं बोलायचे नाहीत. दिवसभराचं बोलणं गाडीतच सांडून येतात, असं आई म्हणायची. रिटायर झाल्यावर मात्र ते बोलके झाले. सकाळी मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत चालत जायचे, तिथल्या बाकावर ओळखीच्या माणसांत बसायचे आणि येताना भाजी घेऊन यायचे.

एका सकाळी ते रिकामी पिशवी घेऊन परत आले. पिशवी डाव्या हातात होती आणि उजवा हात नुसता लोंबत होता. आईनं विचारलं, काय झालं. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "पुढं." तिनं पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले, "पुढं."

मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. दवाखान्यातून घरी आल्यावर पाय हळूहळू सुधारला, हातानं थोडी साथ दिली, बोलणं तेवढं आलं नाही. डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. बाबांना सगळं कळतं, पण मनातला शब्द तोंडापर्यंत पोचत नाही, आणि कधीकधी एखादाच शब्द अडकून राहतो, मग सगळ्याच्या जागी तोच बाहेर पडतो. बाबांच्या तोंडी "पुढं" राहिला होता. भरलेल्या गाडीत "पुढं सरका, पुढं चला" म्हणत ज्यानं जन्म काढला, त्याच्या तोंडी दुसरं काय राहणार. चहा पाहिजे असला तरी पुढं, पाठ दुखत असली तरी पुढं. शब्द चुकला हे त्यांना ऐकू यायचं. ते मान हलवायचे, ओठ जुळवायचे, पुन्हा प्रयत्न करायचे. पुन्हा तेच आलं की गप्प बसायचे.

माणसं भेटायला यायची आणि त्यांच्याशी मोठ्यानं बोलायची, जणू बिघाड कानात होता. गंगापूरकडून धाकटे काका आले. बाबांचा हात धरून ते म्हणाले, "दादा, वळखलं का मला?" बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, बराच वेळ ओठ हलवले आणि "पुढं" म्हणाले. काका तिथंच रडायला लागले. त्यानंतर दारात कुणाची चप्पल वाजली की बाबा आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडायचे.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मॅडम होत्या. वयानं माझ्याहून लहान, पण फार शांत. त्या चित्रांची कार्डं समोर ठेवायच्या. कप, कंगवा, छत्री. त्यांच्यासमोर बाबा भिडेखातर प्रयत्न करायचे. घरी मी तीच कार्डं काढली की त्यांचा चेहरा बदलायचा. त्यांना लाज वाटायची, आणि मला ती बघवायची नाही.

मी घरूनच काम करते. कंपन्यांची माहितीपत्रकं सजवून देते. काम संपलं की लॅपटॉपवर गेम खेळते, आणि त्यातही एकाच जातीच्या. जुन्या काळच्या गेमसारख्या दिसणाऱ्या, एकदोघांनी मिळून बनवलेल्या, भीतीच्या. याची सुरुवात कॉलेजात झाली. माझा लॅपटॉप सेकंडहँड होता, त्यावर दुसरं काही चालतच नव्हतं. मोठ्या गेम त्यावर उघडायच्या आधीच बंद पडायच्या. ह्या छोट्या गेम चालायच्या. ठसठशीत चौकोनांनी बनलेल्या खोल्या, चार-पाच रंग, माणसाचा चेहरा म्हणजे बोटभर जागेत ठेवलेले काही ठिपके. पुढं चांगला लॅपटॉप घेतला, तरी मी तिथंच राहिले. मैत्रिणी विचारायच्या, ह्यात घाबरण्यासारखं काय आहे? मला नीट सांगता यायचं नाही. एवढंच कळायचं की बनवणाऱ्यानं जे काढलेलं नाही ते मी काढत असते, आणि माझं मला चांगलंच माहीत असतं की मला कशाची भीती वाटते.

बाबा आजारी पडल्यावर माझं खेळणं बंद झालं होतं. मग एका रविवारी दुपारी, आई झोपलेली असताना, मी एक गेम लावली. एक बाई समुद्रकाठच्या बंद हॉटेलात आपल्या भावाला शोधायला येते. हंगाम संपलेला आहे. वरच्या मजल्यावर कुणीतरी चालतंय. एवढीच गोष्ट. आवाज अगदी बारीक ठेवला होता. थोड्या वेळानं मला जाणवलं की बाबा काठी टेकत येऊन माझ्या मागं उभे आहेत आणि स्क्रीनकडं बघतायत. मी खुर्ची सरकवून दिली. ते बसले.

ह्या जातीच्या गेममध्ये खाली मोजके शब्द लिहिलेले असतात. बघ, घे, उघड, दे, वापर. शब्दावर टिचकी मारायची, मग वस्तूवर, की ती बाई तेवढं करते. शब्द इंग्रजीत होते. मी बाबांना एकेक वाचून सांगितला. त्यांनी डाव्या हाताचं बोट "बघ"वर ठेवलं आणि मग खिडकीवर. मी तसं केलं. बाई खिडकीपाशी गेली आणि खाली ओळ आली. मी ती मराठीत सांगितली : बाहेर काळोख आहे, समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतोय. बाबांनी मान डोलावली. मग पुढच्या वस्तूवर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी इंग्रजी शब्दांच्या खाली लॅपटॉपच्या कडेला चिकटपट्टीवर मराठी शब्द लिहून लावले. बाबा रोज दुपारी येऊन बसायला लागले.

आईला हे पटलं नाही. "आजारी माणसाला भुतंखेतं काय दाखवती?" ती म्हणाली. तिचं खोटं नव्हतं. मी मॅडमना विचारलं, त्यांनी डॉक्टरांना विचारलं. झोप नीट लागत असेल आणि बीपी वाढत नसेल तर हरकत नाही, असं उत्तर आलं. तेव्हापासून आई रोज खेळाच्या आधी आणि नंतर बीपीचं मशीन घेऊन यायची. पट्टा बांधताना तिचा चेहरा आमच्यावर रागावलेला असायचा. बीपी काही वाढलं नाही.

असेच काही दिवस गेले. हॉटेलच्या तळघरात एक दार होतं. दारामागं काहीतरी घासत होतं, लाकडावर नख ओढल्यासारखं. किल्ली तिथंच मिळणार होती, त्यामुळं मी "उघड"वर टिचकी मारली आणि माउस दाराकडं नेला. बाबांनी माझं मनगट पकडलं.

"थांब."

स्वच्छ शब्द होता. त्यांचा जुना आवाज होता, गाडी सुटायच्या बेतात असताना एखाद्या म्हातारीसाठी ड्रायव्हरला दिलेला. मी थांबले. आई कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कोन बोललं?"

मी बाबांकडं बघितलं. आईनं त्यांना पुन्हा म्हणायला सांगितलं. त्यांनी ओठ जुळवले, मानेची शीर ताणली गेली, आणि "पुढं" आलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई परत आत गेली, पण मला लाटण्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, शब्द पुन्हा म्हणायला लावू नका. मुद्दाम काढलेला शब्द एका वाटेनं येतो, गरजेपोटी आलेला वेगळ्या वाटेनं. बाबांची पहिली वाट बंद आहे, दुसरीवर थोडी ये-जा दिसतेय. तिथं गरज निर्माण करत राहा.

म्हणून मी बोट दाखवल्यावर टिचकी मारणं बंद केलं. शब्द म्हणायचा, निदान प्रयत्न करायचा, मगच बाई हलणार. कार्डांवरच्या छत्रीसाठी जे बाबा तोंड फिरवायचे, ते इथं एका "घे"साठी मिनिटच्या मिनिटं झगडायचे. कारण इथं ते कुणाचे विद्यार्थी नव्हते. एक बाई काळोखात उभी होती आणि तिला कंदील घ्यायचा होता. आणि ती गेम आमच्यासाठी थांबायची. तिथं घड्याळ पळत नव्हतं. बाबांना एक शब्द जुळवायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ती बाई तिथंच उभी राहायची, खांदे किंचित वरखाली करत. एवढा धीर आमच्यापैकी कुणातच नव्हता. आम्ही घरातले त्यांचं वाक्य त्यांच्याआधी पूर्ण करून टाकायचो.

वाळूजला नोकरी करणारा माझा चुलतभाऊ एकदा आला आणि हे बघून म्हणाला की खेळायचंच तर चांगलं काहीतरी खेळा. त्यानं त्याच्या लॅपटॉपवर एक नवी, महागडी गेम लावली. त्यात ओल्या फरशीवर रक्त चमकत होतं, माणसाच्या गालावरचे केस दिसत होते. मागून काहीतरी झडप घालतं आणि भराभर बटणं दाबावी लागतात. बाबांनी थोडा वेळ बघितलं आणि लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं. "नाय," म्हणाले. आजारी पडल्यापासून ते पहिल्यांदाच कुणाला नाही म्हणाले होते. चुलतभाऊ ओशाळला. मला मात्र ते समजलं. तिथं सगळं काढलेलंच होतं, आपण काही करायला शिल्लक नव्हतं. आणि ते सगळं फार घाईत होतं. बाबांना झालेलं एवढं मोठं दुखणं अशाच घाईत झालं होतं, स्टेशन आणि भाजीवाल्याच्या मधे कुठंतरी.

हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर एक जागा येते. कंदिलातलं तेल संपतं आणि बाईला कपाटात लपावं लागतं. तेव्हा करण्यासारखं काहीच नसतं. स्क्रीन जवळजवळ काळी असते, फटीतून एक उभी रेघ दिसते आणि पावलं जवळ येतात. आम्ही बसून राहिलो. आई पलीकडं मेथी निवडत होती.

"भ्या," बाबा म्हणाले.

मला वाटलं गेमबद्दल म्हणतायत. मी म्हणाले, "जाईल तो बाबा, थोडं थांबू."

त्यांनी मान हलवली. डावा हात उचलून आपल्या तोंडावर ठेवला, मग छातीवर.

"भ्या... लई."

माझ्या बाबांच्या तोंडून मी हा शब्द कधी ऐकला नव्हता. एकदा त्यांच्या गाडीत एकानं चाकू काढला होता, तेही त्यांनी जेवताना, भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं सांगितलं होतं. आणि दुखणं आल्यापासून आम्ही सगळे त्यांना एकच सांगत होतो, बरं होईल, सगळं बरं होईल. भीती वाटते का, असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांना विचारायचं म्हणजे आपल्यालाही विचारायचं, म्हणून असेल. आमच्या घरात ती बोलायची गोष्टच नव्हती. ह्या गेममध्ये मात्र दुसरं काही नसतं. तिथं घाबरणं हेच काम असतं आणि शेजारी बसलेलं माणूसही घाबरलेलं असतं. त्यामुळं तो शब्द तिथं लाज न वाटता बाहेर पडला असावा.

आई मेथीचं ताट बाजूला ठेवून आली आणि बाबांच्या पायापाशी जमिनीवर बसली.

"मलापन वाटतं," ती म्हणाली. "रोज वाटतं."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पावलं केव्हाच निघून गेली होती. कपाटाची फट तशीच दिसत राहिली.

गेम संपायला पावसाळा उजाडला. शेवटी बाईसमोर दोनच वाटा राहतात. खालचं दार उघडलेलं असतं, बाहेर पडता येतं. किंवा जिना चढून वर, जिथं तो चालणारा आहे. मी तर कुठल्याही गेममध्ये बाहेर पडले असते. बाबा म्हणाले, "वर." मी पुन्हा विचारलं नाही. बाई वर गेली. व्हरांड्याच्या टोकाला तो उभा होता. ती जसजशी जवळ गेली तसतसा तो मोठा झाला, पण स्पष्ट झाला नाही. लांबून जे काही चौकोन दिसत होते तेच जवळून मोठे दिसले. त्याला चेहरा नव्हता. बाई त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, मग काळोख झाला आणि बनवणाऱ्यांची दोन नावं आली. भाऊ सापडला की नाही, ते गेमनं सांगितलंच नाही. आई म्हणाली, हा काय शेवट झाला? बाबा पडद्याकडं बघत होते. त्यांना तो पुरेसा वाटला असावा.

त्यानंतर आम्ही आणखी पुष्कळ गेम खेळलो. बाबांचं बोलणं थोडं वाढलं आणि मग थांबलं. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की एका टप्प्यानंतर वेग कमी होतो. आता त्यांच्याकडं रोजच्यापुरते शब्द आहेत. दोन शब्द जोडतात, चांगला दिवस असला तर तीन. "पुढं" अजूनही मधेच येऊन बसतो, पण आता त्यावर ते चिडत नाहीत. काका आले की ते बाहेर येऊन बसतात, त्यांच्या शेतातल्या कापसाचं विचारतात. काका आवाज चढवून बोलायला लागले की "हळू" म्हणतात.

डाव्या हातानं माउस चालवायला ते शिकलेत. आईसुद्धा कधीकधी बसते. ह्या सगळ्या बाया एकट्याच पडक्या घरात कशाला जातात, ह्यांच्या घरचं कुणी विचारत नाय का, असं तिचं एकसारखं चाललेलं असतं.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही दोघंच होतो. एक नवी गेम लावली होती, जंगलातल्या चौकीची. मी त्यांना सहज विचारलं, "बाबा, अजून भ्या वाटतं का? गेमचं नाही म्हणत मी."

त्यांनी घाई केली नाही. मीही केली नाही. स्क्रीनवरचा पहारेकरी दारात उभा होता.

"हाय," ते म्हणाले. मग आणखी थोड्या वेळानं, "ऱ्हाऊ दे."

आणि त्यांनी चौकीच्या दारावर टिचकी मारली.