भट्टीमामांची उलटी रात्र

धुकं विरून लख्ख ऊन पडलं तेव्हा भट्टीमामांनी शेवटचे पाव काढले, भाजायचे पत्रे खरवडले आणि घरची वाट धरली. तीस वर्षं बेकरीत रात्रपाळी, पण महिनाभर झोपेने पाठ फिरवली होती. परवा उभ्या उभ्या डुलकी लागली आणि हात भट्टीच्या दाराला चिकटून भाजला. मालक म्हणाला, "पुन्हा असं झालं तर घरीच बसा."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मेंदूत तांदळाच्या दाण्याएवढी पिनियल ग्रंथी असते, अंधारात ती झोप आणणारा रस सोडते. सकाळी उन्हात बसायचं. रात्रपाळीचं त्यांनी विचारलं नाही, मामांनी सांगितलं नाही. मामी रोज त्यांना तासभर अंगणात उन्हात बसवायच्या.

आज माहेरी आलेली नर्स लेक ते बघून कपाळाला हात लावून बसली. "बाबा, तुमची रात्र आत्ता सुरू होते. ऊन दिसलं की ती ग्रंथी रस सोडायचं थांबवते."

"दाण्याएवढी ती, आणि नखरा केवढा," मामा म्हणाले.

"दिवसपाळी मागा ना."

"दिवसा पाव कोण भाजतं गं? लोकांना सकाळी ताजे लागतात."

मायलेकींनी खिडक्यांना घोंगड्या लावल्या. तरी कौलांतून उजेड झिरपत राहिला. मामा डोळे मिटून पडले, कूस बदलली, पुन्हा बदलली. रात्री भट्टीपुढे उभं राहायचंच होतं.

सकाळी नऊला नळाला पाणी आलं, तेव्हाही मामा जागेच होते. ते उठले आणि त्यांनी बादली लावली.