वाऱ्याने लावलेलं फाटक

"घोडं थांबलं की उतरेन."

लेटा ब्रॅकेनला काहीही विचारा, उत्तर हेच. जेवायला चल म्हणा, लग्न कधी करणार विचारा, गुडघा सुजलाय तर डॉक्टरकडे जा म्हणा. घोडं थांबलं की उतरेन. आणि तिच्या मांडीखालचं घोडं थांबलेलं आमच्या खोऱ्यात कुणी पाहिलं नव्हतं.

तिच्या रँचमध्ये आणि आमच्या रँचमध्ये एकच काटेरी तारेचं कुंपण होतं. पूर्व मोंटानात याला सख्खा शेजार म्हणतात. माझे बाबा, एमिल सोर्डाल, आणि ती एकाच वयाची, एकाच शाळेत गेलेली. मी तिला आत्या म्हणत असे. ती मला पोरी म्हणायची, माझी पोरं मोठी झाल्यावरसुद्धा.

चालता येण्याआधी ती खोगिरावर बसली. आई लवकर गेली होती, म्हणून हिवाळ्यात गुरांना गवत टाकायला निघताना बाप तिला आपल्या मफलरने खोगिराला बांधून न्यायचा. ओढ्याला पूर आला की बाकीची पोरं शाळा बुडवायची. ही घोड्याच्या पाठीवर उभी राहून, बूट गळ्यात अडकवून पलीकडे जायची आणि रिकाम्या वर्गात एकटीच बसायची. ज्या वयात पोरं घरी बसून नुसती स्वप्नं बघतात त्या वयात ती घोड्यांवरच्या कसरती करणाऱ्या मंडळींबरोबर निघून गेली. पळत्या घोड्याच्या पोटाखालून एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने वर यायची. मग अलास्कात मासेमारीच्या बोटीवर राहिली. मग कुणाची तरी रानटी घोडी माणसाळवून दिली आणि त्याच्या बदल्यात विमान चालवायला शिकली. ते विमान तिने एकदा आमच्या गवतात उतरवलं, कारण वरून जाताना म्हणे माझ्या आईने भट्टीतून काढलेल्या सफरचंदाच्या ‘पाय’चा वास आला.

बाबा दाताळं घेऊन धावत गेले. "लेटे! गवत कापायचंय अजून माझं!"

"अर्धं कापून दिलं की मी," ती पंखाखालून बाहेर येत म्हणाली. "आभार मान आणि ‘पाय’चा तुकडा आण."

बाप गेल्यावर ती कायमची परत आली. बापाची टोपी घातली, बापाची गुरं सांभाळली. तरी पाय घरात ठरत नव्हता. कुठे शर्यत आहे, कुठे बिथरलेलं घोडं आहे असं कळलं की निघाली.

आता त्या फाटकाचं सांगते.

वादळ आलं की गुरं वाऱ्याकडे पाठ करतात आणि चालू लागतात. त्यांना कुणी अडवलं नाही तर ती ओढ्याच्या घळीत उतरतात, वाळुंजाच्या झाडांच्या आडोशाला उभी राहतात आणि जगतात. वाटेत कुंपण आडवं आलं तर पुढची थांबतात, मागची त्यांच्यावर येत राहतात. म्हणून पानगळ सुरू झाली की घळीकडचं फाटक आम्ही सताड उघडं ठेवतो, वसंतापर्यंत. एरवी आमच्याकडे पोराला पहिला धडा मिळतो तो फाटक लावण्याचा. रांगत्या वयात लागलेली सवय ती. डोकं कुठेही असो, हात फाटक लावतो.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी लेटाआत्या मागे घोड्यांचा ट्रेलर लावून शर्यतीला निघाली. उशीर झाला होता, म्हणून आमच्या कुरणातून जवळच्या वाटेने गेली. घळीकडच्या उघड्या फाटकातून गाडी बाहेर काढली, उतरली, फाटक ओढलं, तारेचा फास खांबावर चढवला आणि गेली. डोक्यात शर्यत होती. हात आपलं काम करून मोकळे झाले.

आधी पाऊस आला, गुरं भिजली. मग बर्फ आलं, आणि वारा असा की आमच्या कोठाराचं छप्पर उडून गेलं. तीन दिवस आम्हाला घराबाहेर पाय टाकता आला नाही.

ती परतली तेव्हा बाबा कुंपणापाशी होते. शर्यत तिने जिंकली होती, पट्ट्याला बक्षिसाचं नवं चांदीचं बक्कल होतं. कुंपणाच्या कडेने आमची गुरं पडली होती. काही उभ्यानेच गोठली होती, तारेला टेकून.  तिने पट्टा सोडून गाडीत फेकला आणि बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"एमिल, फाटक मी लावलं."

"वारा होता, लेटे."

"वारा फास खांबावर चढवत नाही."

"वारा फार होता," बाबा म्हणाले आणि फावडं घेऊन पुढे गेले.

आमच्या माणसांचं हे असं आहे. शेजाऱ्याची चूक त्याच्या तोंडावर मोजून दाखवायची नाही. उद्या आग लागली तर बादली घेऊन तोच धावणार असतो. मला तेव्हा बाबांचा अभिमान वाटला. अख्ख्या खोऱ्याला वाटला.

चार दिवसांनी बघतो तर लेटाआत्याच्या तांबड्या कालवडी आमच्या कुरणात. बाबांनी हाकलून नेऊन तिच्याकडे सोडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आमच्याकडे. पुन्हा नेल्या. तिसऱ्या वेळी ती स्वतःच त्यांच्या मागे घोड्यावर दिसली.

"लेटे, तुझ्या कालवडी वाट चुकतायत."

"चुकत नाहीत. तुझ्याच आहेत त्या."

"त्यांच्या बरगडीवर तुझा डाग आहे."

"मग त्यावर तुझा डाग."

"दुसऱ्याचं जनावर डागलं तर तुरुंगात टाकतात. या वयात मला तिथलं जेवण खायला लावतेस?"

ती हसली नाही. कालवडी परत गेल्या.

पुढच्या वसंतात आमच्याकडे वासरांची डागणी होती, म्हणजे तापल्या सळईने त्यांच्यावर मालकाची खूण उठवायची. आसपासची सगळी घरं येतात. मजुरी कुणी घेत नाही, पोटभर जेवून जातात. काही जण घोड्यावरून फासा टाकून वासरू ओढत आणतात, बाकीचे जमिनीवर त्याला आडवं धरतात. धुळीत, शेणात, लाथा खात. घोड्यावर बसून फाशाचा दोर कुणी घ्यायचा हे मालक सांगतो. मागून तो मिळत नाही, आणि मिळाला तर माणूस वर्षभर ताठ चालतो. बाबांची पहिली हाक वर्षानुवर्षं एकच असायची. त्याही दिवशी त्यांनी दोराचं वेटोळं उचललं आणि म्हणाले, "लेटे, दोर घे."

ती बाह्या दुमडून आधीच धुळीत बसली होती. "मी खालीच बरी."

त्या खोऱ्यातला सगळ्यात चांगला फासा टाकणारा हात वासराचा मागचा पाय धरून बसला. दर वर्षी बाबा हाक मारत, दर वर्षी ती खालीच बरी असे. ऑर्विल नावाचा एक वाचाळ पोरगा होता, आता आजोबा झालाय. तो एकदा घोड्यावरून ओरडला, "काय आत्या, घोडं थांबलं वाटतं?" तिने मान वर केली, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि पुन्हा वासराचा पाय धरला. ऑर्विल दिवसभर कुणाच्या नजरेला नजर देईना.

विमान तिने विकून टाकलं. कुठे शर्यत आहे असं कळलं तरी ती जाईना. पानगळ सुरू झाली की एकटीच यायची आणि आमची सगळी फाटकं उघडी आहेत का बघत फिरायची. बाबा खिडकीतून बघायचे. कॉफी गार व्हायची, पण हाक मारायचे नाहीत. मला वाटायचं, तिला लाज वाटू नये म्हणून.

मग ते वर्ष आलं जेव्हा बाबांचे हात थरथरायला लागले आणि गुरं माझ्या नावावर झाली. डागणीला दोर वाटायचं काम मात्र शेवटचं मी करतो म्हणाले. लेटाआत्याचं एका बाजूचं खुब्याचं हाड गेलं होतं. तरी ती खाली बसलीच. तिसऱ्या की चौथ्या वासराने लाथ झाडली, ती तिच्या बरगडीत बसली आणि ती शेणात मागे कलंडली. बाबा दोर घेऊन तिच्यापाशी गेले.

"ऊठ, लेटे. पुरे झालं. दोर घे."

"आधी एकदा म्हण."

"काय म्हणू?"

"तुला ठाऊक आहे काय ते. इतकी वर्षं वारा वारा करतोयस. बिचाऱ्या वाऱ्याची अब्रू गेली रे."

कुणीतरी हसायला गेलं आणि थांबलं. डागण्याच्या सळ्या जाळात तशाच राहिल्या. मला वाटलं, बाबा पुन्हा वाराच म्हणतील.

"फाटक तू लावलंस," बाबा म्हणाले. "माझी गुरं उभ्याउभ्या मेली. पांढऱ्या तोंडाची ती गाय मी चुलीमागे ठेवून बाटलीने वाढवली होती. मला तुझं तोंड बघवत नव्हतं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

बाबांनी दोर या हातातून त्या हातात घेतला. "बोललो असतो तर तू रडली असतीस. भांडली असतीस. मग मला माफ करावं लागलं असतं. वारा म्हटलं की ते करावं लागत नव्हतं."

लेटाआत्या त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे ती दया नव्हती."

"नव्हती."

"आणि मी ती दया समजून, तिची फेड म्हणून इथे बसत होते."

"ठाऊक होतं मला," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "दर वर्षी हाक मारायचो. तू नाही म्हणालीस की बरं वाटायचं. लेटे, आता घे. माझ्यासाठी घे."

"तुझ्यासाठीच तर इतकी वर्षं खाली बसले, एमिल."

तिने दोर घेतला नाही. हात टेकून उठली, पुढच्या वासराचा पाय धरला. शेवटचं वासरू सुटेपर्यंत ती तिथेच होती. कुणी थट्टा केली नाही, कुणी गाणं म्हटलं नाही.

जेवणाची टेबलं मांडली होती. डागणीला येऊन कुणी न जेवता गेल्याचं आमच्या घराने पाहिलेलं नाही. तिने हौदावर हात धुतले आणि घोडं सोडलं.

"आत्या, ताट वाढलंय," मी म्हणाले.

"पोटात जागा नाही, पोरी."

गेलेल्या खुब्याने माणसांसमोर धडपडत रिकिबीत पाय घालायला तिला नको असावं. लगाम धरून, लंगडत, ती गवतातून आपल्या घराच्या दिशेने चालत निघाली. मंडळी मान खाली घालून जेवत होती. बाबा एकटे उभे होते, दोराचं वेटोळं दंडावर तसंच. ती उताराआड गेली, मग घोड्याची पाठही गेली, तरी ते तिकडेच बघत होते. मध्ये एकदा ते "लेटे" म्हणाले. पण ते इतकं हळू, की शेजारी उभ्या असलेल्या मलाच तेवढं ऐकू आलं.