देवाजीचा दोनशे चाळिसावा दिवस

तुम्ही शेवटची पगारी रजा कधी घेतली? मी बावीस वर्षांत एकही घेतली नव्हती आणि ते छाती काढून सांगत होतो. युनियनवाला कामचुकार असतो असं सुपरवायझरनं म्हणू नये, एवढ्यासाठी.

देवाजी आमच्या गिरणीत बदली कामगार. म्हणजे कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी घ्यायचा. अकरा वर्षं तो सक्करदऱ्याहून पायी येऊन भोंग्याआधी गेटवर उभा राहायचा. वर्षात दोनशे चाळीस हजेऱ्या भरल्या तर पुढच्या वर्षी बारा दिवस पगारी रजा, कायदाच आहे. बदलीवाल्याच्या त्या कधी भरतच नाहीत.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात, कोणत्या देशात वर्षाला किती पगारी रजा मिळते, याचा कागद मी गेटवर वाचून दाखवला. शाळा चौथीत सुटली, पण इंग्रजी पेपर मी अक्षर अक्षर लावून वाचतो. फ्रान्स, चार आठवडे. स्वीडन, चार आठवडे. अमेरिकेत कायद्यानं एकही दिवस नाही.

देवाजीनं मधेच विचारलं, "भाऊ, चार आठवडे सारे घरी, त त्यायच्या जागी कोण? तिथं बदलीवाल्याची चांदीच असन."

सगळे हसले. माझं भाषण मोडलं, डोकं फिरलं.

तीस तारखेला तो माझ्याकडे आला. "दोनशे एकोणचाळीस झाले, भाऊ. उद्या साल संपते. तुमी एक दिवस रजा टाका न. तुमच्या जागी माही हजेरी लागन, त पुढच्या साली पगारी रजा भेटन. मले रामटेकले बहिणीकडं जायचं हाय. अकरा सालात गेट सोडलं नाही."

"काहून गा, उद्या माही गेटमीटिंग हाय, रजेच्याच मागणीची. अन् मीच घरी बसू?"

"मीटिंग घ्या. फक्त मंग अंदर नोका जाऊ."

इतकं सोपं होतं. "दुसऱ्या कोणाले धर," मी खेकसलो.

एकतीसला फ्रान्सचे चार आठवडे ठणकावून सांगितले, भोंगा झाला, आत गेलो. आमच्या खात्यात त्या दिवशी एकही जण गैरहजर नव्हता. देवाजी आल्या पावली परत गेला.

एक जानेवारीला तो पुन्हा गेटवर. हजेरी पुन्हा एकपासून. "नवं साल लागलं, भाऊ," एवढंच बोलला. शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं.

आता मी थकलो. मोर्चे झाले, मागण्या झाल्या, कागद पिवळे पडले. तुमच्याकडे एकच मागतो. रजा शिल्लक असेल तर या आठवड्यात एक दिवस घ्या. गेटवर कोणीतरी उभं आहे.