थायरॉइडची गोळी आणि माझा संशय

“तुमची थायरॉइड ग्रंथी मंदावली आहे,” अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या मनात पहिलं हेच आलं, की यांचं लॅबवाल्याशी साटंलोटं असणार. रक्त शेजारच्याच लॅबमध्ये द्यायला लावलं होतं.

दिवसच तसे होते. कपाशीचं बियाणं बोगस निघायचं, फवारणीचं औषध बोगस निघायचं. मग डॉक्टर तरी खरे कशावरून?

मी मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात अंगणवाडीसेविका. वर्षभर अंगात त्राण नव्हतं. केस गळत, चेहरा सुजे, भर उन्हाळ्यात गार वाटे. मुलं गाणं म्हणत आणि मी भिंतीला टेकून झोपी जाई. सासूबाई आळशी म्हणत. पर्यवेक्षिकेने एकदा मला झोपलेलं पाहिलं आणि बजावलं, पुन्हा असं दिसलं तर काम जाईल. ते काम गेलं असतं तर मी मोडलेच असते. जगात तेवढ्या एका खोलीत मला कुणी मॅडम म्हणत असे.

बाईंनी कागदावर गळ्याचं चित्र काढून ग्रंथी दाखवली. टीएसएच म्हणजे मेंदूकडून या ग्रंथीला जाणारी हाक. ग्रंथी ऐकेना, की हाक मोठी होते आणि रिपोर्टमधला आकडा वाढतो. ग्रंथी स्वतः किती काम करते ते टी-फोर सांगतं.

हे झालं कशाने? माझा संशय फवारणीवर, सासूबाईंचा विहिरीच्या पाण्यावर. बाई म्हणाल्या, “बहुतेक वेळा शरीराची संरक्षण करणारी शक्तीच चुकून या ग्रंथीवर उलटते. अँटिबॉडी तपासली की अंदाज येतो. आयोडीन कमी पडूनही होतं, काहींना बाळंतपणानंतर होतं. फवारणीचं मी खात्रीने सांगू शकत नाही.”

डॉक्टरलाच खात्री नाही म्हटल्यावर माझा संशय पक्का झाला. कुणाला न सांगता अकोल्याला गेले आणि तिथे दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. टीएसएच तिथेही वाढलेला, अँटिबॉडीही निघाल्या. दोन गावचे लॅबवाले एकमेकांना सामील नसावेत, एवढं मी मान्य केलं.

गोळी सुरू झाली. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे ग्रंथी जे बनवत नाही ते बाहेरून द्यायचं. पहाटे उपाशीपोटी, चहाच्या बऱ्याच आधी. मला जाग येत नसे, म्हणून धार काढायला उठलेले आमचे हे अंधारातच गोळी हातावर ठेवत. बाटली त्यांनीच माळ्यावर बियाण्याशेजारी ठेवली होती.

पुढच्या तपासणीला हेही सोबत आले. आकडा जेमतेम उतरला होता. बाई म्हणाल्या, “डोस वाढवावा लागेलसं दिसतं. पण आधी बाटली दाखवा.”

“गोळ्याच बोगस आहेत मॅडम,” मी म्हणाले.

यांनी मान खाली घालून पिशवीतली बाटली टेबलावर ओतली. काही गोळ्या अख्ख्या होत्या. बाकीच्या अर्ध्या, अडकित्त्याने कातरलेल्या.

“आमी बियानं असंच पेरतो, मॅडम,” हे म्हणाले. “आधी अर्धं पेरून पायतो, उगवलं तं बाकीचं. गेल्या साली सारं एकदम पेरलं अन् काईच उगवलं नाई. हे तं इच्या जीवाचं काम हाये. सारं एकदम कसं पेरू?”

मला भयंकर राग आला आणि रडूही आलं. अख्ख्या जगावर संशय घेतला, यांच्यावर तेवढा घ्यायचा राहिला.

बाई यांना शांतपणे म्हणाल्या, “मी डोस वाढवला असता आणि तुम्ही मध्येच पूर्ण गोळी सुरू केली असती, तर यांच्या छातीत धडधड सुरू झाली असती. पूर्ण गोळी द्या. मग तपासू.”

पूर्ण गोळीवर आकडा जागेवर आला. पर्यवेक्षिका पुन्हा आल्या तेव्हा मी मुलांना नाचून गाणं शिकवत होते.

तुम्हालाही हा आजार निघाला तर संशय खुशाल घ्या. कारण विचारा, वाटलं तर दुसरीकडे तपासून घ्या. फक्त गोळ्यांची बाटली आपल्या हाताने उघडा.

हे अजूनही पहाटे गोळी हातावर ठेवतात. मी दिवा लावून बघते, अख्खी आहे ना.

“उगवलं का व?” ते विचारतात.

“उगवलं,” मी म्हणते, आणि गोळी गिळून अंगणवाडीच्या तयारीला लागते.